शिलाहारांची राजधानी, एका दिवसात (नाश्त्यासह)

सातला कौपिनेश्वराच्या दारात जमायचं ठरलं होतं,
पावणेआठला नऊ जण झाले.
त्यातले दोघे नुसतेच दर्शनाला आलेले, ते निघून गेले.
उरलेल्यांना मी पिवळ्या टोप्या वाटल्या आणि म्हटलं,
तुम्ही आत्ता एका राजधानीत उभे आहात.
त्यांनी आजूबाजूला पाहिलं.
फुलवाल्या, रिक्षा,
हिरव्या जाळीत गुंडाळलेली एक इमारत.

नेहमीच असं होतं.
इतरांकडे पडलेल्या भिंती असतात,
मला आधी हातवाऱ्यांनी हवेत भिंत बांधावी लागते,
मग ती पाडावी लागते.

कारखानीसकाका गेल्याच महिन्यात मोरोक्कोला जाऊन आलेले.
तिथे एका दिवसात दोन्ही उरकतात, म्हणाले,
सकाळी सुलतानाचं शहर, मग जेवण, मग रोमन अवशेष.
खांब उभेच्या उभे हो! आणि वर करकोच्यांची घरटी.
मोबाइल हातोहात फिरला.
राबोडीच्या झैनबने दोन बोटांनी करकोचा मोठा केला.
माझ्याकडे तलावपाळीवर एक बगळा होता,
पायडलच्या प्लास्टिक हंसावर बसलेला.
तोच दाखवला.

किल्ला बाहेरूनच. आत तुरुंग आहे.
फिरंग्यांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी जिंकला,
इंग्रजांनी कुलूप लावलं.
रोज हजेरी घेतली जाते असे अवशेष जगात थोडेच,
हे वाक्य मी दर वेळी टाकते, दर वेळी हसू येतं.
आजही आलं.
मुलाखतीच्या रांगेत कपड्यांची पिशवी घेऊन एक बाई उभी होती.
पुढच्या खेपेपासून
हे वाक्य बसमध्येच म्हणावं.

गद्धेगळ एका सोसायटीच्या फाटकात आहे.
वर चंद्र-सूर्य, मधे झिजलेल्या ओळी, खाली गाढव आणि बाई.
रामसुमेर वॉचमन रोज शेंदूर लावतो,
गाढवाला घोडा समजून. मी त्याला सांगितलेलं नाही.
अर्थ मी मुलांसमोर अर्धाच सांगते:
दिलेली जमीन जो हिरावून घेईल, त्याच्या... वगैरे.
शिवी आहे? झैनबने विचारलं.
राजाची आहे, म्हटलं.
काका मागे रेंगाळले. खालच्या आवाजात म्हणाले,
ही रीडेव्हलपमेंटला लागू होते का हो?
बिल्डरनं आम्हालाही लिहून दिलं होतं,
अठरा महिन्यांत ताबा.
आज सहावं वर्ष. भाड्याचे चेकही थांबलेत.
मग त्यांनी टोपी काढली
आणि दगडावरचा शेंदूर करंगळीनं पुसून
खालची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, बराच वेळ,
जणू कलम सापडेल.

दुपारी मेट्रोच्या खड्ड्याशी बस अडकली.
उपसलेल्या मातीतून झैनबने काहीतरी उचललं.
मडक्याचा कान. तांबूस, आतून काळा,
अंगठा बरोबर बसेल एवढा खळगा.
बाई, हा रोमन?
सगळे वळले. काकासुद्धा.
माझ्या जिभेवर सगळं तयार होतं:
खाडीत येणारी गलबतं, द्राक्षाची दारू,
परतीला मिरी आणि कापड.
सातशे रुपये घेतले होते माणशी.
कोणीतरी हा धरून ओतत होतं, एवढं नक्की.
दारू की लोणच्याचं तेल,
हजार वर्षं की पन्नास,
खोदणाऱ्या यंत्राने ते थर
केव्हाच एकात एक कालवून टाकलेत.

माहीत नाही, मी म्हणाले.
दिवसभरात पहिल्यांदाच बस शांत झाली.

ते खापर जागेवर ठेवून ये, असं सांगायला हवं होतं.
तिनं ते रुमालात बांधलं
आणि वाटेत दोनदा सोडून
त्यात अंगठा घालून पाहिला.

माजिवड्याला दिवे लागले होते.
टोप्या मोजल्या, एक कमी भरली.
काकांच्या डोक्यावर तशीच गेली असावी.